बोगद्याच्या तोंडाशी पाच दिवस

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (यात अतिशयोक्ती नाही. या खोलीत टेबल नाही आणि खाट मधोमध खचलेली आहे, म्हणून मी फरशीवर पालथा पडून लिहितो आहे. आठही अंगं जमिनीला टेकलेली आहेत.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना आधी चांगला पाय टाकायचा हे लक्षात ठेवतेस ना? भाऊजींचा खोकला थांबला का, की ते अजून तो खोकला नसून घसा साफ करणं आहे असंच सांगतात? इकडे सर्व क्षेम आहे असं दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. पत्र संपेपर्यंत ते वाक्य तू स्वतःच खोडशील.

आज इतक्या वर्षांनी मी कागदावर पत्र का लिहितो आहे, फोन का केला नाही, असं तुला वाटेल. ताई, माझ्या फोनमध्ये आता काहीही नाही. तुझा नंबर नाही, बायकोचा नाही, फोटो नाहीत, घड्याळसुद्धा परदेशातली वेळ दाखवतंय. दुकानातून आणल्या दिवशी होता तसा तो कोरा झाला आहे. आईला नंबर पाठ असतात, पण फक्त लँडलाइनचे. मोबाइलचा नंबर म्हणजे नंबर नव्हेच, आकड्यांची नुसती रांग आहे, असं तिचं मत. (दोन वर्षांपूर्वी तुम्ही लँडलाइन काढलीत तेव्हा ती तुझ्याशी आठवडाभर तुटक बोलत होती. त्याचा अर्थ मला परवा कळला.) आणि पत्राला पासवर्ड लागत नाही. आत्ता पेन उचललं तेव्हा मी पहिली पाच मिनिटं, ते मला कोण म्हणून विचारेल, याची वाट बघत होतो.

आता सुरुवातीपासून सांगतो. आई सहा वर्षं म्हणत होती की मला एकदा त्या गावी ने, जिथे मी बाविसाव्या वर्षी टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. बाबा असताना ती कधी म्हणाली नाही, ते गेल्यावर म्हणायला लागली. मी दरवर्षी पुढच्या वर्षी म्हणायचो. शेवटी तू दिवाणखान्यात सगळ्यांदेखत मला म्हणालीस की, तुझी कंपनी तू नसलास तर बंद पडते का रे? ते मला फार लागलं. लागलं याचं कारण असं की शुक्रवारी खरंच पडते. तुला माहीत आहे, आम्ही डायलिसिसला लागणारं सामान पुरवतो, द्रावणाचे कॅन, नळ्या, गाळण्या. दर शुक्रवारी चार वाजता गाडी अकरा केंद्रांना माल घेऊन निघते. त्याआधी कुणालातरी प्रत्येक खोक्याचा बॅच नंबर, मुदत आणि कुठलं द्रावण कुणाच्या यंत्राला चालतं हे पडद्यावर तपासून 'मंजूर' हे बटण दाबावं लागतं. तोवर गेटपास छापला जात नाही. तो अधिकार दोघांनाच आहे, साहेबांना आणि मला. आणि साहेब नेमके त्याच आठवड्यात चार दिवसांच्या शिबिराला गेले, जिथे दारातच मोबाइल कापडी पिशवीत काढून घेतात. (शिबिराचा विषय होता 'सतत संपर्कात राहणारं नेतृत्व'.)

म्हणून मला लॅपटॉप सोबत न्यायची परवानगी मिळाली, आणि ती देण्याआधी आमच्या कुलूपमास्तरांनी माझी शिकवणी घेतली. कुलूपमास्तर म्हणजे कंपनीच्या कॉम्प्युटर सुरक्षेचे अधिकारी. माणूस वाईट नाही. फक्त जगात त्यांना दोनच प्रकारचे लोक दिसतात, एक चोर आणि दुसरे अजून न पकडलेले चोर. ते म्हणाले, बाहेरून कंपनीत यायला आपण एक बोगदा बांधला आहे. तुमच्या लॅपटॉपपासून थेट ऑफिसपर्यंत, मधे कुणालाही आत काय चाललंय ते दिसणार नाही. बोगद्याच्या तोंडाशी पासवर्ड सांगायचा, मग फोनवर सहा आकडे येतील ते तीस सेकंदांत सांगायचे. मला आकडे बघायला चष्मा लावावा लागतो आणि टाइप करायला तो काढावा लागतो, तीस सेकंद त्यातच जातात, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, चोरालाही तेवढेच मिळतात. शिवाय हॉटेलचं वायफाय वापरायचं नाही, बसस्टँडवरचं तर नाहीच, स्क्रीन कुणाला दिसू द्यायची नाही आणि लॅपटॉप नजरेआड करायचा नाही. बसमध्ये सहा तास तो मी मांडीवर घेऊन बसलो. आईची पिशवी मात्र टपावर गेली. त्यावर ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिचं ते खिडकीबाहेर बघणं तुला माहीत आहे.

आम्ही उतरलो आहोत ते समुद्रापासून दोन गल्ल्या आत असलेलं गेस्टहाउस. मालकीणबाई प्रेमळ आहेत, जेवणाच्या खोलीच्या भिंतीवर त्यांनी वायफायचा पासवर्ड एवढ्या मोठ्या अक्षरात रंगवून घेतला आहे की तो समुद्रातल्या बोटींनाही वाचता यावा. म्हणजे तो बाद. माझ्या स्वतःच्या फोनचं नेटवर्क यावं तर ते सबंध इमारतीत एकाच जागी येतं, गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आणि वाळत घातलेल्या चादरींच्या मधल्या दोन फरश्यांवर. गुरुवारी सकाळी, सराव म्हणून, मी तिथे जाऊन बसलो. उन्हात पडदा दिसेना, आणि शेजारच्या गच्चीवर एक गृहस्थ व्यायाम करत होते, म्हणजे स्क्रीन दिसायचीही भीती. मी दोरीवरची एक चादर ओढून डोक्यावरून घेतली, आत लॅपटॉप. आई बाहेर खुर्चीवर छत्री घेऊन माझा फोन धरून बसली. मी चादरीतून ओरडायचो, आकडे सांग, आणि ती इतक्या खणखणीत आवाजात सांगायची की तो व्यायाम करणारा मोजणी विसरायचा. अर्ध्या तासाने मालकीणबाई वर आल्या. त्यांना वाटलं, मी वाफारा घेतोय. त्या निलगिरीचं तेल आणून ठेवून गेल्या.

आणि ताई, बोगदा उघडला! मी आत पाऊल टाकलं, अकरा केंद्रांची नावं दिसली, आणि तेवढ्यात पडदा लाल झाला. त्यावर लिहिलं होतं की तुम्ही एकाच वेळी दोन ठिकाणी आहात, म्हणून खातं तात्पुरतं बंद करण्यात येत आहे. मला नंतर कळलं ते असं की फोन कंपनी इथलं इंटरनेट कुठल्याशा मोठ्या शहरातून फिरवून नेते. त्यामुळे सहा आकडे आले या गावातून आणि लॅपटॉप दिसला त्या शहरात, दहा तासांच्या वाटेवर. यंत्राच्या मते मी ते अंतर चार मिनिटांत कापलं, म्हणजे मी चोरच. मी, जो आयुष्यात एकाही ठिकाणी धड नसतो, त्याच्यावर दोन ठिकाणी असल्याचा आरोप! आई म्हणाली, चल, माझं टेलिफोन एक्स्चेंज बघून येऊ. मी म्हटलं, आई, चोवीस तासांत खातं आपोआप उघडतं, उद्या शुक्रवारचं काम एकदा झालं की निवांत जाऊ. ती एकटीच समुद्रावर फिरून आली. मी दिवसभर खोलीत लॅपटॉपची राखण केली.

शुक्रवारी अकराला पुन्हा गच्ची, पुन्हा चादर. खातं उघडलं नव्हतं. मी मदत-केंद्राला फोन लावला. चाळीस मिनिटं गाणं ऐकल्यावर एक मुलगी बोलली, फार गोड. ती म्हणाली, तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करायला तीन प्रश्न विचारते, उत्तरं तुम्हीच नोंदवलेली आहेत. आता यात मेख अशी की अकरा वर्षांपूर्वी ती उत्तरं नोंदवताना कुलूपमास्तरांनी आम्हाला बजावलं होतं, खरी उत्तरं देऊ नका, खरं तर घरच्यांनाही माहीत असतं. मी आज्ञाधारक माणूस, तिन्ही खोटी दिली. खरं बोललेलं लक्षात ठेवावं लागत नाही, खोटं ठेवावं लागतं, हे बाबा सांगायचे ते याचसाठी.

"तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव?"

आपल्याकडे कधी मांजरसुद्धा नव्हतं. मी अंदाजाने म्हटलं, "मोती?"

"नाही. तुमचे आवडते शिक्षक?"

"भूगोलाचे सर."

"हे उत्तर खरं असेलही," ती हळहळून म्हणाली, "पण इथे लिहिलेलं नाही. आता शेवटचा. तुमचं जन्मगाव?"

मी आपलं गाव सांगितलं, चूक निघालं. ताई, स्वतःचं जन्मगाव चुकलेला मी आपल्या घराण्यातला पहिला. आईने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "अहो, मी याची आई बोलते. हा कुठे जन्मला ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?" त्यावर ती मुलगी अदबीने म्हणाली, "माफ करा आजी, आईंची साक्ष चालत नाही." फोन बंद झाला. पाच मिनिटांनी माझ्या हातातच तो थरथरला, काळा पडला आणि कुठली भाषा हवी म्हणून विचारू लागला. तीन उत्तरं चुकली म्हणजे फोन चोराच्या हाती आहे असं धरून कंपनी तो दुरून पुसून टाकते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. लॅपटॉपही लगोलग मिटला.

तेव्हा साडेबारा वाजले होते. मी गच्चीवर चादर अंगावर घेऊन बसून राहिलो. हसू नकोस. त्या अकरांतल्या दोन केंद्रांकडे शनिवार दुपारपुरताच माल होता. लहान केंद्रं आहेत, चार-चार खाटांची. शनिवारी तिथे कोण येतं ते मला यादीवरून ठाऊक आहे, नावाने नाही, पण आठवड्यातून तीनदा येणारी तीच माणसं. एक दिवस चुकला तर त्यांचे पाय सुजतात, श्वास लागतो. मी अकरा वर्षांत एक शुक्रवार चुकवला नव्हता आणि आता मी सहा तासांच्या वाटेवर, निलगिरीच्या वासात, मला मीच नाही म्हणून सांगण्यात आलेलं. मी आईला हे सगळं सांगितलं. पहिल्यांदाच सांगितलं. इतकी वर्षं ती समजत होती की मी बटण दाबतो.

तिने छत्री मिटली. मग म्हणाली, "तुमच्या फाटकावर तो काळा फोन होता, तो अजून आहे का?"

मी म्हटलं, असेल, वॉचमनच्या केबिनमध्ये, पण त्याचा नंबर आता कुणाला माहीत?

"मला. तुझ्याकडे मोबाइल नव्हता तेव्हा तुला यायला उशीर झाला की मी तिथेच करायचे."

ती जिना उतरून जेवणाच्या खोलीत गेली, मालकीणबाईंचा लँडलाइन पुढ्यात ओढला, पाठ ताठ केली आणि न अडखळता नंबर फिरवला. आणि ताई, तो आवाज! मी तो कधी ऐकलाच नव्हता. आपल्या आईचा नव्हेच तो, कुणा बाविशीतल्या करारी बाईचा. "फाटक? लाइन सोडायची नाही. गोदामातून मुकादमांना बोलावून आणा. रिसीव्हर खाली ठेवायचा नाही, टेबलावर आडवा ठेवा. मी थांबते." वॉचमन धावला असला पाहिजे, कारण मुकादम तीन मिनिटांत आले, एरवी ते तीन तासांत येत नाहीत.

आईने रिसीव्हर माझ्या हातात दिला. पण मुकादमही कुलूपमास्तरांच्या शिकवणीला बसलेले. ते म्हणाले, "तुम्हीच बोलताय कशावरून? गेल्या महिन्यात आपलं कशावरून भांडण झालं ते सांगा."

"तुम्ही द्रावणाच्या खोक्यांवर पाय ठेवून बसता त्यावरून."

"आणि मी काय म्हणालो?"

"खोकी पुठ्ठ्याची आहेत, तुमच्या बापाची नाहीत, असं म्हणालात."

"साहेब, तुम्हीच," ते म्हणाले, आणि मला ताई, खरंच हुंदका आला. दिवसभरात मला ओळखणारा तो पहिला माणूस.

बोगदा नव्हता तेव्हाचं हाताने लिहायच्या गेटपासचं पुस्तक मुकादमांच्या कपाटात होतं. त्यांनी एकेका खोक्यावरचे आकडे गोदामातून ओरडायचे, वॉचमनने ते फोनवर सांगायचे आणि मी मनाशी ताडून हो म्हणायचं, असं सुरू झालं. माझ्याकडे लिहायला काही नव्हतं. जेवायला बसलेल्या एका निवृत्त मोजणीदारांनी उष्ट्या हाताने पेन काढून वर्तमानपत्राच्या कडेला आकडे टिपायला घेतले. बाकीचे पाहुणे जेवायचे थांबले. आठव्या केंद्राला आलो तेव्हा बॅच ऐकून मी ओरडलो की थांबा, हे द्रावण त्यांच्या यंत्राला चालत नाही, नवव्याच्या खोक्यांशी अदलाबदल झाली आहे. पलीकडे खोकी सरकवल्याचं ऐकू आलं. मग मुकादमांचा आवाज, जरा बारीक झालेला, की हो साहेब, चिकटवताना चुकलं. जेवणाच्या खोलीत कुणीतरी टाळी वाजवली. आई मधे मधे फोन घेऊन "बोला, लाइन चालू आहे" म्हणत होती. गाडी चार वीसला सुटली. अकराच्या अकरा ठिकाणी माल पोचला हे शनिवारी सकाळी वॉचमनने स्वतः फोन करून आईला कळवलं. (मला नव्हे. आईला.)

इथे पत्र संपायला हवं होतं. पण माझं नशीब तुला माहीत आहे. शनिवारी दुपारी त्याच फोनवर कुलूपमास्तर आले. नंबर त्यांना वॉचमनच्या वहीत मिळाला. म्हणाले, तुम्ही कंपनीची गोपनीय माहिती उघड्या लाइनवर, अनोळखी लोकांसमोर, मोठ्याने उच्चारली, खरं ना? मी म्हटलं, खरं. आणि एका अनधिकृत व्यक्तीने ती लिहून घेतली? मी म्हटलं, मोजणीदारांनी, सुवाच्य अक्षरात. ते वर्तमानपत्र कुठे आहे? चौकशी केली तर ते मालकीणबाईंनी स्वयंपाकघरातल्या फळीवर अंथरलं होतं, त्यावर आता बरण्या आहेत. ते ताब्यात घेऊन नष्ट करा, असा त्यांचा हुकूम झाला. मग ते म्हणाले की तुम्हाला कारणे दाखवा नोटीस निघाली आहे, ती तुमच्या ऑफिसच्या मेलवर आहे, मंगळवार संध्याकाळपर्यंत उत्तर द्या. मी विचारलं, मेल उघडायचा कसा? ते म्हणाले, बोगद्यातून. मी म्हटलं, बोगदा बंद आहे. ते म्हणाले, तो उघडण्याचा अर्ज मेलवर करा. मग त्यांनी कागद चाळल्याचा आवाज आला. शेवटी हळूच म्हणाले, "तुमच्या मातोश्री कुठल्या एक्स्चेंजला होत्या?" मी सांगितलं तर म्हणाले, "बरं," आणि ठेवला. त्यांच्या त्या 'बरं'चा अर्थ मी दोन दिवस लावतो आहे. आधी मी, आता आई. तिचीही चौकशी निघाली तर?

काल रविवारी एकदाचे एक्स्चेंज बघायला गेलो. तिथे आता गाद्यांचं गोदाम आहे. कुलूप होतं. आईने खिडकीच्या काचेवरची धूळ पदराने पुसली, आत बघितलं आणि म्हणाली, तिसऱ्या खांबापाशी माझी खुर्ची. आत नुसत्या गाद्याच होत्या. मला वाटलं ती आता रडेल, पण तिने कट्ट्यावर बसून मला एका वादळाच्या दिवसाची हकीकत सांगितली. बोटी परतल्या नव्हत्या आणि गावात चालू असलेली एकच लाइन तिच्या हातात होती, एकोणीस तास. ताई, हे तुला माहीत होतं का? मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे आणि मला काल कळलं.

असो. लिहिण्यासारखं बरंच आहे पण कोपरं दुखायला लागली. उद्याच्या सकाळच्या बसने निघायचं आहे, नोकरी असली तर तिच्यावर आणि नसली तर घरी. भाऊजींना नमस्कार, भाच्यांना आशीर्वाद. माझ्या बायकोला एवढंच कळव की मी जिवंत आहे, पुरावा मागू नकोस म्हणावं.

तुझा, (तूच ओळख पटवून घे,)
धाकटा

ता. क. सगळ्यांचे नंबर एका कागदावर लिहून ठेव. पेन्सिलीने नको.

ता. क. दुसरा. खरं तर पत्र एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं, पण मूळ मुद्द्याला हात घालायचा धीर होईना. आईला इथे आणखी आठ दिवस राहायचं आहे. माझी रजा संपली, आणि रजा वाढवायचा अर्जही बोगद्यातूनच करावा लागतो. तू येऊन तिच्यासोबत राहशील का? खोलीत दोन खाटा आहेत. उजवीकडची घे, डावीकडची खचलेली आहे. मालकीणबाईंना मी तुझ्या वतीने हो सांगून टाकलं आहे. रागावू नकोस.

ता. क. तिसरा. (हा आईच्या हातचा आहे.) चि. ताईस अनेक आशीर्वाद. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, मी वाचलं. आठ दिवस राहायचं असं मी म्हटलेलं नाही. काल कट्ट्यावर तोच तीनदा म्हणाला, आई, इथे आणखी आठ दिवस राहायला मिळालं तर! म्हणून आज सकाळी फाटकावरून नंबर घेऊन मी त्याच्या साहेबांना फोन केला. शिबिरातून आलेत. सज्जन वाटले. आठ दिवसांची रजा दिली आहे. ती नोटीस यंत्र आपोआप धाडतं म्हणाले, कुलूपवाल्या गृहस्थांनी स्वतःच ती रद्द करून टाकली. त्यांची आई माझ्याच एक्स्चेंजला होती, माझ्यानंतर दोन वर्षांनी. धाकट्याला यातलं काही सांगितलेलं नाही. संध्याकाळी सांगेन. तो आत्ता नोटिशीला उत्तर लिहितोय, तिसरा कागद चालू आहे. काळजी केल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही, हे त्याच्या लहानपणापासून बघते आहे. तू मात्र ये. तिसरी खाट सांगितली आहे.